समद्यांनाच शेंदूर

न्हाय सायेब, तसा एकदम उचलू नका त्येला — आधी जरा हात जोडा, मग उचला. देव निघाला तर बरं, न्हाय निघाला तर आपलं काय जातंय, हात काय झिजत न्हाईत. … हां. आता घ्या. गाडीची काळजी करू नका, ष्टँडखाली म्या दगड सारलाय, काळ्या मातीत रुतायची न्हाय. तुमी खाली बसून बघा. एवढे देव वाकून वाकून बघायला लागला तर कंबर धरंल, आन परत धाराशिवापतोर गाडी हाणायची हाय तुमाला.

मोजताय व्हय? मोजू नका. आमी कुणी मोजले न्हाईत. मोजले की मग एखादा कमी झाला तर कळतं, आन कळलं की घोर लागतो. हायेत तेवढे हायेत.

सरपंच काय म्हणला तुमाला? इहिरीचं पाणी बघायला आलाच हायसा तर जाता जाता आमचा देव तेवढा वळखून द्या — असंच म्हणला असंल. गौरीशंकरचं बोलणं तसंच हाय, टरबूज निवडून द्या म्हणल्यावाणी. पण कसं झालं ते त्यानं सांगितलं का? न्हाय सांगितलं. वाटलंच मला. मग ऐका, म्या सांगतो, तुमी तुमचं ठोकायचं काम करीत ऱ्हावा. म्या कोंडीराम. ह्या निंबाखालच्या म्हसोबाला सांजचा दिवा लावायचं आमच्या घराकडं हाय, बापानं लावला, आता म्या लावतो. शाळा म्या बघितली ती बाहेरनं, भिंतीला माती लिंपायला गेलो होतो तवा. त्यामुळं तुमी जे सांगाल ते जरा हळू सांगा.

तर आमचा म्हसोबा एकच होता. एक. इथं, जिथं तुमी ती बाटली ठिवलीया तिथंच. हा एवढा, रांजणाच्या तोंडाएवढा, लालभडक. आता ह्यो एवढा म्हणजे काय — दगड एवढा का शेंदूर एवढा? ते कुणालाच ठाऊक न्हवतं. आज्यानं शेंदूर लावला, त्यावर बापानं लावला, त्यावर म्या लावला, नवसाचा येगळा, लग्नाचा येगळा. आतला दगड आमच्यातल्या कुणीच बघितला न्हवता. बघायचं कारणच काय? तुमच्या बापाची हाडं बघितलीत का तुमी? तसंच.

मग बंधाऱ्याचं काम निघालं. डबराचा टिप्पर आला आन इथंच, निंबाखाली, समदा दगड ओतला — वढ्याकडं जायला वाट न्हवती म्हणून. आन मागनं त्यो जेसीबी आला, त्यो मागं सरकला आन देवाला लागला. लई जोरात न्हाय, म्हशीनं शिंग लावावं तेवढं. पण शेंदराची खोळ फुटली. नारळ फुटतो तशी, दोन भकलं. आन आतला देव सुटला आन गेला की त्या डबरात. कुठं गेला? कुणी बघितला न्हाय. जेसीबीवाला तर म्हणला, काका, आतनं कायच निघालं न्हाय. असं कसं होईल? एवढ्या पिढ्यान्‌पिढ्या पोकळीलाच नारळ फोडले व्हय आमी?

हसताय. हसा, हसा. आमीबी हसलो, पण नंतर.

मग इलाज काय? खोळीची भकलं होती की. आतनं पोकळ, देवाच्या मापाची. शिवकांताचा मालक, रणधीर — शिवकांता म्हणजे माझी लेक — त्यो म्हणला, दगड घालून बघू एकेक. ज्याला खोळ बसंल त्यो देव. तर सायेब, बाजारात वहाणा घालून बघत्यात न्हवं, ही घट्ट हुती, ही सैल हुती, टाच बाहीर येती — तसं दिसभर चाललं. एक दगड बसला म्हणून शेजारच्या गंगम्मानं नारळबी फोडला. तेवढ्यात दुसराबी बसला. मग तिसरा बसवता बसवता खोळीचाच चुरा झाला. चुरा लई जड. एवढासा चुरा आन घमेलं उचलंना. तुमी आता म्हणला न्हवं, शेंदूर म्हणजे शिसंच असतंय, शिसं जाळून केलेलं — तवा कुठं माझ्या ध्यानात आलं. म्हणजे देव हलकाच होता. जड आमी केला त्येला.

नेऊन सोडला त्यो चुरा सीनेच्या पात्रात, वाजतगाजत. देवानं खोळ टाकली की तसंच करत्यात आमच्यात. फक्त देव मागं उरत असतो, ह्या येळेला देव उरला न्हवता — न्हाय, उरला होता, पण लई उरला होता.

ते काय करताय? थेंब सोडताय व्हय. सोडा, सोडा. … आगाऽ. फसफसतोय की त्यो. सोडावाटरची बाटली उघडल्यावाणी. सायेब, हळू बोला, गंगम्माचं घर ते पलीकडंच हाय. ह्यो तिचा, तिनं धरलेला. तिला कळलं की तिचा देव फेसाळला तर आज राती गावात झोप न्हाय कुणाला. काय म्हणला? चुना? दगडाच्या भेगंत पांढरं हाय ते चुन्याच्या जातीचं, त्यावर तेजाब पडला की वारा निघतो. बरं. म्हणजे पोटात वारा हाय त्याच्या. सरपंचाच्याबी हाय, पण त्याला तेजाब लागत न्हाय, हरभऱ्याच्या डाळीवर भागतं. … आन ह्यो काळा? ह्याच्यावर सोडा. गप हाय. ह्यो बी गप. म्हणजे गंगम्माचाच एकटा बोलतो. बघा, माणसासारखंच झालं हे.

तर — कुठं होतो म्या? हां. संध्याकाळी मसलत बसली. कोण म्हणलं, कौल लावा. कोण म्हणलं, ज्याच्यावर कावळा बसंल त्यो. कावळा बसला, पण त्यो टिप्परवर बसला. मग गौरीशंकर सरपंच म्हणला, हे बघा, ज्येला शेंदूर लावला न्हाय आन त्योच देव निघाला, तर कोण जबाबदार? झालं. कोण बोलतंय त्यावर? परंड्याहून शेंदराचे डबे आणले आन समद्या ढिगाला लावला. समद्या. लहान खडीबी सोडली न्हाय सुरुवातीला, मग तेल संपलं म्हणून मुठीपेक्षा लहान त्यो देव न्हाय असं ठरलं.

आता तुमच्या ध्यानात आलं असंल तुमाला का बोलावलं ते. बंधाऱ्याचं काम अडलंय. दगड पाहिजेत, आन दगडाला हात लावायला कुणी तयार न्हाय. ठेकेदार म्हणतो, एक तुमचा, बाकीचे माझे, कुठला ते सांगा. उद्या त्यो टिप्पर घेऊन येणार हाय. सरपंच पंचायतीत बसलाय तुमची वाट बघत. तुमी बोट दावलं की एक ऱ्हाईल, बाकी समदे बंधाऱ्यात जातील. बरोबर हाय त्याचंबी. बंधारा झाला पायजे. पाणी पायजे.

शेंगा खावा थोड्या. भाजलेल्या हायेत. … गूळ हाय बरोबर, ह्यो घ्या.

त्यो काय लोहचुंबक? लावा बघू. … चिकटला की वाईच. म्हणजे दगडात लोखंड. आन ह्या दुसऱ्यालाबी वढतो. अन ह्यालाबी. समद्यात हाय? मग कसं वळखायचं. पुन्हा सांगा जरा, हळू — समदा मुलूख एका आगीतनं आलाय. जमिनीला भेगा पडल्या, त्यातनं रस वाहिला, गुऱ्हाळात काहील उतू जाती तसा, आन निवला, आन त्याचा ह्यो काळा दगड झाला. थरावर थर. बरं. आन हे भोकाभोकाचे दगड, पांढरे दाणे भरलेले, हे येगळे की? … न्हाय? त्येच थराचे? रसाला उकळी असती, तिचे बुडबुडे वर येत्यात, म्हणून थराच्या वरच्या अंगाला भोकं ऱ्हात्यात आन खालच्या अंगाचा दगड घट्ट हुतो. आन पांढरे दाणे मागनं पाण्यानं आणून भरले. म्हणजे हे वरलं अंग आन ते खालचं अंग. रस एकच.

हे तुमी गावात सांगू नका. न्हाय — सांगा. न्हाय, थांबा, म्या इचार करतो.

कारण कसं हाय सायेब, आमच्या गावात वरली आळी हाय आन खालची आळी हाय. म्या वरल्या आळीचा. म्हसोबाचा पहिला नारळ कुणी फोडायचा, ह्यावरनं दोन्ही आळ्यांची तक्रार, माझ्या आज्याच्या वक्तापासनं. दगड एक, त्याच्या म्होरं जागा एक, पहिला नारळ एक. पोलीस आले, परंड्याच्या तहसीलात चकरा झाल्या, डोकी फुटली, पण नारळ दोनदा पहिला होतो व्हय? आन माझी शिवकांता दिली खालच्या आळीत, रणधीरला. दिली तवा बरं चाललं होतं. मग एका साली जत्रंत रणधीरनं पहिला नारळ हाणला आन माझ्या पुतण्यानं रणधीरला हाणला. तवापासनं लेकीचं माहेर बंद. हे इथनं तिचं घर दिसतं — ती निळी टाकी, तिच्या खाली. तिच्या चुलीचा धूर म्या बघतो सकाळी. भाकरी थापल्याचा आवाज येतो वारं इकडचं असलं म्हणजे. पण येणं न्हाय, जाणं न्हाय. तिची माय गेली तवा आली, दारात उभी ऱ्हायली, परत गेली.

आन आता बघा. देव झाले ढीगभर. पहिला नारळ कुणाचा, हा सवालच ऱ्हायला न्हाय. ज्यानं त्यानं आपला धरला. वरल्या आळीनं हे जड, घट्ट काळे धरले — आमचा देव कसा, पोलादावाणी. खालच्या आळीनं हे भोकाचे, पांढऱ्या दाण्याचे धरले — आमच्या देवाच्या अंगावर मोती हायेत. आता तुमी सांगता, वरल्या अंगाचा दगड खालच्या आळीकडं हाय आन खालच्या अंगाचा वरल्या आळीकडं. असू द्या. त्यांना कशाला सांगायचं, उगा अदलाबदल करत बसतील.

त्यो मोठा हाय न्हवं, बसक्या म्हशीसारखा, त्यो रणधीरचा. त्याच्या म्होरं त्यो पहिला नारळ फोडतो. माझा पुतण्या ह्या उभट दगडाम्होरं पहिला नारळ फोडतो. एकाच येळेला, पाठीला पाठ लावून. मागल्या रविवारी तर रणधीरचा नारळ नासका निघाला तर पुतण्यानं आपल्यातलं खोबरं दिलं त्येला. बोलला काय न्हाय. दिलं. गंगम्माचा खोकला गेला म्हणती. पण खरं सांगू, तिला निवद ठेवायला रोज इथवर यावं लागतं, चालणं हुतं, त्यानं गेला असंल. त्यो बारका तिथं कडंला हाय, त्याला कुणीच न्हवतं, म्हणून म्या पाणी घालतो. त्याचा सभाव गरीब हाय.

आन शिवकांता येती. दर रविवारी, निवद घेऊन. तिचा ह्यो — ह्यो तांबूस. तिनं निवडला. बसती इथं, तुमी बसलाय तिथंच. म्हणती, आबा, जेवलात का. म्या म्हणतो, व्हय. बस. एवढंच बोलतो आमी. लई वर्सं बोललो न्हाय म्हणजे एकदम लई बोलाया येत न्हाय.

हे म्या कशाला सांगतोय तुमाला. तुमी तुमचं बघा. तुमाला बोलावलंय देव वळखायला आन म्या लेकीचं सांगत बसलोय. वळखा, वळखा. खरा देव सापडला पायजे, ते बी खरंच. रोज दिवा लावताना मनात येतं — कोंडीराम, तू कुणाला लावतोस ह्यो? जो आज्यानं बघितला, त्यो कुठंतरी ह्यात बसलाय आन तू त्येला वळखत न्हाईस. लाज वाटती.

काय म्हणला? जुना शेंदूर काळा पडतो? … थांबा, थांबा. लाल असतो त्यो वर्सानुवर्सांनी काळा पडतो. म्हणजे आमी शोधत होतो लाल, आन त्यो असंल काळा. वरनं आमी नवा लाल थापला म्हणून दिसत न्हाय. पण खऱ्या देवाच्या भोकात, भेगंत, आत जुना काळा शेंदूर भरलेला असंल, खिळ्यानं खरवडला की निघंल. हे बेस सांगितलं. खरवडा मग. हळू, दुखवू नका. … काय न्हाय? ह्याच्यातबी न्हाय? रणधीरचा बघा. … नुसता लालच. माझ्या पुतण्याचा? … त्यो बी न्हाय. गंगम्माचा जाऊ द्या, त्याला परत फेस यायचा. … त्या तांबूसचा खरवडू नका. बरं, खरवडा. … न्हाय. न्हाय ना? बरं झालं — न्हाय, म्हणजे बरं कशाचं. पण समदेच झाले की. मग गेला कुठं त्यो? जेसीबीवाला खरं बोलला म्हणायचं व्हय?

निघालात? बरं. ऊन चढतंय. तुमाला सापडला न्हाय तर सापडला न्हाय, तुमचा काय गुन्हा. थांबा, गाडीखालचा दगड काढून घेतो म्या. माझा सुपारी फोडायचा हाय त्यो. लई चांगला हाय, एका अंगानं सपाट. जेसीबी गेल्यावर त्याच्या चाकोरीत सापडला होता, चिखलात दबलेला. शेंदूर लावायच्या दिशी म्या घरी नेला होता, म्हणून त्येला काय लागला न्हाय —

काय बघताय?

त्यो काळाच हाय सायेब. पहिल्यापासनं. भोकात बी काळं हाय, व्हय. माती असंल. … ती भिंगाची काच कशाला काढली? खिळा कशाला? … खाली काय निघालं? लाल. काळ्याच्या खाली वाईच लाल.

…

बसा जरा. म्या बी बसतो.

म्या ह्याच्यावर सुपारी फोडली. रोज. आन आज तुमच्या गाडीचा बोजा ठिवला. आन त्येनं काय केलं? कायच केलं न्हाय. न्हाय, थांबा — केलं. ह्यो माझ्या घरात आला आन लेक यायला लागली. माझ्या खिडकीत बसून बघत असंल त्यो. सुपारी फोडतानाबी बघत असंल. एवढासाच हाय बघा. हातात मावतो. आन आमी त्याच्यासाठी डोकी फोडली.

सायेब, आता ऐका. तुमी बोट दावलं तर उद्या हे समदे जातील. पुन्हा एक दगड, एक जागा, एक नारळ. माझा पुतण्या ह्या अंगाला, रणधीर त्या अंगाला. रविवारी म्या इथं बसंन आन त्या निळ्या टाकीकडं बघंन. आन म्या खोटं बोलत न्हाय. सरपंचानं इचारलं, कोंडीराम, सापडला का, तर म्या सांगंन. मला जमतच न्हाय दुसरं काय, तोंडावर दिसतं माझ्या. तुमालाबी म्या खोटं बोला म्हणणार न्हाय, शिकलेली माणसं तुमी. पण मघाशी तुमीच म्हणला न्हवं — समदे एकाच आगीतले हायेत म्हणून? तेवढंच सांगा सरपंचाला. समदे तपासले, एकाच आगीतले निघाले. ह्यात खोटं काय हाय? आन बंधाऱ्याला दगड पायजेत तर आमी दोन्ही आळ्या मिळून माळावरनं वेचून देऊ. इतकी वर्सं एकमेकाच्या अंगावर फेकायला वेचलेच की.

म्या असं करतो — निंबाच्या बुंध्याकडं तोंड करून उभा ऱ्हातो. तुमी त्येला शेंदूर लावा. डब्यात हाय उरलेला, तेल कालवलेलं हाय. समद्या अंगानं लावा, सपाट अंगालाबी, त्या अंगानं म्या लगीच वळखंन. आन ठिवा कुठंबी. वर, खाली, मधी, तुमची खुशी. बाकीचेबी जरा हलवा, म्हणजे जागा कळायची न्हाय. मग दिवा लावताना मला ठाऊक असंल की ह्यात हाय, आन कुठला ते ठाऊक नसंल. तेवढं पुरं मला.

वळलो बघा. डोळेबी मिटले.

हात जोडले का आधी? … जोडा.

गाडीला दुसरा दगड मागू नका, आता म्या दगड देत न्हाय कुणाला. निंबाला टेकवा.

झालं? … बोलू नका, आवाज कुठनं येतो त्यावरनं बी कळतं. हात त्या चिंधीला पुसा, शिसं हाय म्हणला न्हवं, पोटात जायला नको. शेंगा खिशात टाका उरलेल्या. ती पैंजणं वाजत्यात ती शिवकांता, आज रविवार हाय. ती इचारंल, आबा, सापडला का. म्या म्हणंन, सायेबानी मला कुठला ते दावलं न्हाय पोरी. आन खरंच हाय की ते.

जावा आता. गाडी जरा लांब ढकलत न्या, मग चालू करा, पैंजणं ऐकू येऊ द्यात.